सही सगळ्यात शेवटी बघा: युद्धकाळातल्या कुख्यात नेत्यांची पत्रं आणि कागद जमवताना

माझी पहिली खरेदी म्हणजे जाड कागदाचं एक छोटं कार्ड. वाढदिवसाच्या शुभेच्छांबद्दल आभार, वर गरुड आणि स्वस्तिकाचा ठसा आणि खाली हिटलरची सही. विकणाऱ्याने ‘सही केलेलं कार्ड’ म्हणून दिलं आणि मी तसंच घेतलं. घरी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरलं, तेव्हा सहीची रेघ जिथे स्वतःलाच ओलांडते तिथे शाई गडद व्हायला हवी होती, ती झालीच नव्हती. सगळी रेघ एकसारखी सपाट. मागच्या बाजूला टोकाच्या दाबाची खूण नाही. काही महिन्यांनी एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तसंच दुसरं कार्ड दिसलं. दोन्ही सह्या एकमेकींवर ठेवल्या तर केसाचाही फरक नव्हता. कोणताही माणूस दोनदा हुबेहूब एकच सही करत नाही. ती छापलेली होती. २० एप्रिलला, म्हणजे हिटलरच्या वाढदिवसाला, आलेल्या शुभेच्छांचा ढीग इतका असायचा की अशी कार्डं छापूनच पाठवत. विकणाऱ्याने मला फसवलं की तो स्वतःच फसला होता, हे मला आजही ठाऊक नाही. पण चूक माझीच होती. मी आधी सही बघितली आणि मग बाकीचं काही बघायचं भानच राहिलं नाही.

म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम उलटा आहे. आधी कार्यालय, मग कागद, मग मालकीचा माग आणि सही त्यानंतर. उदाहरणं बहुतेक नाझी जर्मनीची आहेत, कारण बाजारात सर्वांत जास्त माल तिथला येतो आणि बनावटही तिथलीच जास्त होते. पण स्टालिनच्या पेन्सिलीचे शेरे असोत की मुसोलिनीने मोठा ‘एम’ काढून मंजूर केलेले कागद असोत, पद्धत तीच.

पहिली पायरी: काय जमवायचं ते ठरवा

या छंदात मालाचे ढोबळ चार प्रकार आहेत. पूर्ण स्वहस्ते लिहून सही केलेलं पत्र, टाइप करून खाली सही केलेलं पत्र, नेमणूक किंवा बढतीसारखा सही केलेला सरकारी दस्तऐवज, आणि सही केलेला फोटो. किंमत साधारण याच क्रमाने उतरते. कॅटलॉगमध्ये पहिल्या तिघांसाठी एएलएस, टीएलएस आणि डीएस अशी लघुरूपं भेटतील.

दुर्मीळपणाचा अंदाज कुख्यातीवरून बांधू नका, आयुष्याच्या तारखांवरून बांधा. नाझी सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख हायड्रिख ४ जून १९४२ ला मेला, त्यामुळे त्याचे कागद थोडेच आहेत. नौदलप्रमुख ड्योनिट्झ १ ऑक्टोबर १९५६ ला स्पांडाऊच्या तुरुंगातून सुटला आणि १९८० पर्यंत जगला. शस्त्रास्त्रमंत्री श्पेअर १९६६ मध्ये सुटला आणि १९८१ मध्ये वारला. दोघांनीही सुटकेनंतर टपालाने मागणाऱ्यांना सह्या दिल्या, त्यामुळे त्यांच्या युद्धोत्तर सह्या पुष्कळ मिळतात. त्या खऱ्या असतात, पण युद्धकाळातल्या नसतात. जुन्या फोटोवर १९७० च्या सुमाराची सही असेल तर किंमत सहीच्या काळाची लावायची, फोटोच्या काळाची नव्हे.

आता माझं मत. फोटोंच्या मागे लागू नका. फोटो म्हणजे त्या माणसाने स्वतःची केलेली जाहिरात. कंटाळवाणे दिसणारे कचेरीचे कागद घ्या, कारण राज्य कसं चाललं ते त्यांतच दिसतं. २० जानेवारी १९४२ च्या वान्से बैठकीचं इतिवृत्त घ्या. तीस प्रती काढल्या होत्या, त्यांतली फक्त सोळावी उरली आणि ती जर्मन परराष्ट्र खात्याच्या अभिलेखागारात आहे. लाखो ज्यूंच्या हत्येचं नियोजन नोंदवणाऱ्या त्या कागदावर एकही सही नाही. सहीच्या बाजारात त्याची किंमत कशी लावणार? दुसरीकडे १६ सप्टेंबर १९१९ चं, गेमलिख नावाच्या माणसाला लिहिलेलं हिटलरचं पत्र. हिटलर तेव्हा कोणीच नव्हता, पण ज्यूंना हटवण्याची भाषा त्याने त्यात टाइप करून, सही करून ठेवली आहे. २०११ मध्ये सायमन विझेन्थाल सेंटरने ते १,५०,००० डॉलरना घेतलं. ही किंमत मजकुराला मिळाली.

दुसरी पायरी: कागद कोणत्या कार्यालयातून निघाला ते वाचा

जर्मन येत नसेल तरी चालेल, पण कचेरीची भाषा ओळखावीच लागते. टाइप केलेल्या नावाआधी ‘गेत्साइश्नेट’चं तीन अक्षरी लघुरूप दिसलं, तर मूळ प्रतीवर त्या माणसाने सही केली होती आणि तुमच्या हातात आहे ती नक्कल, असा त्याचा अर्थ. अशा नकलेच्या खाली ‘फ्यूर डी रिश्टिशकाइट’ म्हणजे ‘बरोबर असल्याचा दाखला’ असं लिहून एखादा कारकून सही करतो. नवखे लोक नाव नाझी पोलीसप्रमुख हिमलरचं वाचतात आणि शाईची सही कारकुनाची विकत घेतात. तशीच ‘इम आउफट्राग’ची दोन अक्षरं, म्हणजे ‘आदेशावरून’. ती दिसली की सही हाताखालच्या कोणाची तरी आहे. खोटं काहीच नाही, फक्त तुम्हाला हवा होता तो माणूस तो नव्हे.

पदव्या आणि तारखा शेजारी ठेवून बघा. ‘फ्यूरर आणि राइख चान्सलर’ ही जोडपदवी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गच्या मृत्यूनंतरची, म्हणजे २ ऑगस्ट १९३४ नंतरची. हवाईदलप्रमुख गोअरिंग १९ जुलै १९४० ला राइखमार्शल, म्हणजे सर्वोच्च हुद्द्याचा सेनानी, झाला. त्याआधीच्या तारखेच्या पत्रावर ती पदवी छापलेली असेल तर पत्र खाली ठेवा. हिमलर गृहमंत्री झाला ऑगस्ट १९४३ मध्ये. पत्त्यात चार आकडी पिनकोड असेल तर तो पश्चिम जर्मनीत १९६१ मध्ये आला. छापाची लिपीही सांगून जाते: नाझी पक्षाचा अधिकारी बोरमान याच्या ३ जानेवारी १९४१ च्या परिपत्रकाने जुनी टोकदार फ्राक्टूर लिपी सरकारी वापरातून काढायला सांगितलं. ते परिपत्रक ज्या लेटरहेडवर निघालं, त्याचा मथळा मात्र फ्राक्टूरमध्येच होता! तेव्हा नियम निघाला त्या दिवशी सगळीकडचे जुने कागद संपले असं समजू नका. जुना साठा संपेपर्यंत वापरलाच जातो. नियमाआधी नवी गोष्ट दिसली तर संशय घ्या, नियमानंतर जुनी दिसली तर सहसा नाही.

याच वाचनाचा सर्वांत बोलका धडा एका पानाच्या कागदात आहे. असाध्य रुग्णांना ‘दयामरण’ देण्याचे अधिकार डॉक्टरांना देणारा तो आदेश. त्यावर तारीख आहे १ सप्टेंबर १९३९, पोलंडवरच्या हल्ल्याची. प्रत्यक्षात सही झाली ऑक्टोबरात, तारीख मागची घातली. लेटरहेड राज्याचं नाही, हिटलरचं खाजगी, वर गरुड आणि नुसतं त्याचं नाव. कायदा नाही, मंत्रालयाचा क्रमांक नाही, कोणाची प्रतिसही नाही. वरवर बघणारा म्हणेल, इतका मोठा आदेश असा कसा निघेल, बनावट असणार. पण तो असाच निघाला, आणि त्याचं हे उघडंबोडकं रूपच सांगतं की त्यांना राज्ययंत्रणेत कागद सोडायचा नव्हता. उरलेल्या प्रतीच्या खालच्या बाजूला न्यायमंत्री ग्यूर्टनरने हाताने लिहून ठेवलंय की बूलरने, म्हणजे हिटलरच्या खाजगी कचेरीच्या प्रमुखाने, हा मला २७ ऑगस्ट १९४० ला दिला. अशी एक ओळ पुढच्या मालकाच्या दहा प्रमाणपत्रांना भारी पडते.

तिसरी पायरी: कागद हातात घ्या

तुम्हाला लागतील दहापट भिंग, मिलिमीटरची पट्टी, अतिनील प्रकाशाचा छोटा दिवा आणि तिरका उजेड पाडता येईल अशी बॅटरी. एवढ्यावर बाजारातली निम्मी बनावट गळते.

पट्टीने सुरुवात करा. जर्मनीत १९२२ पासून कागदाची डीआयएन ही प्रमाण मापं आहेत. पूर्ण ए-चार कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. बर्लिनच्या कचेरीचं पत्र २१६ बाय २७९ भरलं, तर तो अमेरिकी कागद आहे. डाव्या कडेला फाइलची दोन भोकं असतील तर त्यांच्यातलं अंतर ८० मिलिमीटर असतं. मला भोकं असलेला कागद आवडतो. बिनभोकाचा, बिनशिक्क्याचा, बिनसुरकुतीचा कागद कोणाच्या फाइलमध्ये राहिला होता, हा प्रश्न मग विचारावाच लागतो. आवक शिक्का, लाल पेन्सिलचा क्रमांक, कोणाची तरी आद्याक्षरं या घाणीला घाबरू नका. बनावट करणाऱ्याला सही जमते, पण पाच वेगवेगळ्या कारकुनांचा कंटाळा जमत नाही.

मग अंधार करून अतिनील दिवा लावा. कागद निळसर-पांढरा झळाळला, तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे आणि ते कागदात सर्रास आलं युद्धानंतर. युद्धकाळातला कागद मंद, पिवळट, मातकट दिसतो. याच दिव्याखाली खोडलेले शिक्के आणि धुतलेल्या जागा उठून दिसतात, त्याकडे पुढे येतोच.

टाइप केलेली अक्षरं कागदात रुततात. मागे बोट फिरवलं तर पूर्णविरामांची टोचणी लागते. लेझर छपाईची पावडर कागदावर बसते आणि तिरक्या उजेडात चमकते. बॉलपेनचा तर प्रश्नच नको: अमेरिकेतल्या दुकानातसुद्धा ते विकायला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. १९४२ च्या आदेशावर बॉलपेनची सही दिसली की संपलं.

आता घडीकडे या. पत्र आधी सही होतं, मग घडी घालून पाकिटात जातं. सहीची शेपटी जुन्या घडीवरून गेली असेल, तर भिंग तिथेच लावा. घडीने तंतू तुटलेले असतात. शाई नंतर पडली तर त्या भेगेत शिरून कडेला पसरते, बारीक मुळं फुटल्यासारखी. शाई आधीची असेल तर रेघ घडीबरोबर तडकते, रंग घासून निघतो, पण पसरत नाही. हे बघायला अर्धा मिनिट लागतं आणि मी याच अर्ध्या मिनिटाने दोन महागड्या चुका टाळल्या आहेत.

कागद त्या काळचा निघाला म्हणून हुरळू नका. १९४५ मध्ये जिंकलेल्या सैनिकांनी कोऱ्या लेटरहेडचे गठ्ठे आठवण म्हणून उचलले. पुढे सीआयएचा संचालक झालेल्या रिचर्ड हेल्म्सने युरोपातल्या विजयाच्या दिवशी आपल्या लहान मुलाला पत्र लिहिलं ते हिटलरच्या लेटरहेडवर. ते पत्र आज सीआयएच्या संग्रहालयात आहे. कोरा कागद बापाच्या हाती लागतो, तसा बनावट करणाऱ्याच्याही लागतो.

सैनिकी टपालाबद्दल एक छोटी गोष्ट. अमेरिकेचं व्ही-मेल १९४२ पासून मायक्रोफिल्मवर उतरवून नेत आणि पोचल्यावर छापून देत. पोचलेल्या पत्रावरची सही म्हणजे फोटो, शाई नव्हे. एखाद्या प्रसिद्ध सेनापतीचं ‘सही केलेलं’ व्ही-मेल घेताना हे लक्षात असू द्या.

चौथी पायरी: माग काढा

विकणाऱ्याला विचारा: हा कागद १९४५ मध्ये कुठे होता? त्यानंतर कोणाकडे? ‘एका जुन्या सैनिकाच्या घरातून’ हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले आहेत. कोणता सैनिक, कोणती तुकडी, ती तुकडी त्या गावात होती का, सोबत काही पाकीट, फोटो, घरी लिहिलेलं पत्र आहे का? खऱ्या मागाला फाटे असतात, ते तपासता येतात.

इथे चोरीचा मुद्दा येतो. नाझी पक्षाचे कागद जपणारं बर्लिन डॉक्युमेंट सेंटर अमेरिकी ताब्यात होतं, १९९४ मध्ये ते जर्मन संघीय अभिलेखागाराकडे गेलं. त्याआधी, १९८० च्या दशकात, तिथून हजारो कागद चोरीला जाऊन संग्राहकांपर्यंत पोचल्याचं उघड झालं. कोपऱ्यातला अभिलेखागाराचा शिक्का कापलेला, पेन्सिलचा क्रमांक खोडलेला, अतिनील प्रकाशात एक गोल डाग वेगळा दिसणारा, असा कागद कितीही खरा असला तरी घेऊ नका. सरकारी दस्तऐवज अभिलेखागारातून बाहेर पडला म्हणून त्याची मालकी बदलत नाही. नाझी नेता रोझेनबर्गची डायरी न्युरेंबर्गच्या खटल्यांनंतर एका अभियोक्त्याने नेली. २०१३ मध्ये, म्हणजे सुमारे सात दशकांनी, अमेरिकी सरकारने ती शोधून होलोकॉस्ट संग्रहालयाला दिली. खरेदीआधी अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराची हरवलेल्या कागदांची यादी बघा.

पाचवी पायरी: आता सही

हिटलरची सही वर्षांबरोबर बदलत गेली. सुरुवातीच्या वर्षांत अक्षरं वाचता येतात, पुढे ती आक्रसत गेली आणि उजवीकडे खाली घसरली. म्हणून तुलना त्याच वर्षाच्या आणि त्याच प्रकारच्या कागदाशी करा. नेमणुकीच्या कागदांवर सहीच्या शेजारी राष्ट्राध्यक्ष कार्यालयाचा प्रमुख ओटो माइसनर याची प्रतिसही आणि उठावदार शिक्का सापडतो, तर तीनही गोष्टी एकत्र तपासा. हिमलरचा हिरव्या पेन्सिलचा शौक प्रसिद्ध आहे, म्हणून बनावट करणाऱ्यांनाही तो ठाऊक आहे.

आणि नमुना कुठून आणता, हे सर्वांत महत्त्वाचं. १९८३ मधली हिटलरच्या डायऱ्यांची गोष्ट सगळ्यांना मूर्खपणाची म्हणून माहीत आहे. ‘श्टेर्न’ या जर्मन नियतकालिकाने सुमारे साठ वह्यांसाठी ९३ लाख मार्क मोजले, २५ एप्रिलला पत्रकार परिषद घेतली, ६ मेला संघीय अभिलेखागाराने त्या बनावट ठरवल्या. पुठ्ठ्यावर ‘ए.एच.’ऐवजी ‘एफ.एच.’ अक्षरं होती, कागदात युद्धानंतरचं रसायन होतं. लोक हसतात आणि पुढे जातात. पण त्याआधी हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या खऱ्या ठरवल्या होत्या, आणि ते तज्ज्ञ काही भोंदू नव्हते. त्यांना तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांतले काही कागद डायऱ्या बनवणाऱ्या खुद्द कोनराड कुयाऊनेच बनवलेले होते. कुयाऊचा हात कुयाऊच्या हाताशी जुळला, यात नवल ते काय! तज्ज्ञांचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न चुकीचा होता.

तेव्हा विक्रेत्याने दिलेला नमुना वापरू नका, लिलावाच्या जुन्या कॅटलॉगातला तर नकोच. नमुना घ्या सरकारी अभिलेखागारात १९४५ पासून असलेल्या कागदाचा. हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाने न्युरेंबर्ग खटल्यांचे कागद इंटरनेटवर ठेवले आहेत, तिथून सुरुवात करता येते. त्यानंतर तज्ज्ञाकडे जा, आणि विकण्यात ज्याचा वाटा नाही असा तज्ज्ञ निवडा. ‘खरं असल्याचं प्रमाणपत्र’ म्हणजे कोणीतरी छापलेला आणखी एक कागद. त्यावरही पहिल्या चार पायऱ्या लागू करा.

खरेदी आणि कायदा

लिलावात हातोडीच्या किमतीवर खरेदीदाराचा अधिभार लागतो, बहुधा २० ते ३० टक्के. बोली लावण्याआधी अटींमध्ये बघा: बनावट निघाल्यास पैसे परत मिळतात का आणि किती काळात. ही ओळ नसेल तर बोली लावू नका.

जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६-अ नुसार स्वस्तिकासारखी चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण आणि कला यांना सवलत आहे, म्हणून तिथल्या कॅटलॉगमध्ये चिन्ह झाकलेलं दिसतं. ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्येही बंधनं आहेत. काही ऑनलाइन बाजारपेठांनी २००१ पासून नाझी वस्तूंवर मर्यादा घातल्या आहेत, त्यांचे नियम बदलत राहतात, दर वेळी वाचा. युरोपीय संघाबाहेर कागद नेताना पन्नास वर्षांहून जुन्या अभिलेखांना, किंमत कितीही असो, निर्यात परवाना लागतो. विक्रेता ‘साध्या टपालाने पाठवतो’ म्हणाला तर सौदा तिथेच थांबवा.

जपणूक

युद्धकाळातला कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त आणि ठिसूळ. लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका, फाटला असला तरी. पीव्हीसीची पिशवी नको, पॉलिएस्टरची पारदर्शक बाही हवी, मागे आम्लरहित पुठ्ठा. आर्द्रता ३५ ते ५० टक्के, तापमान २० अंशांच्या आसपास. चौकटीत लावायचं तर प्रत लावा, मूळ अंधारात ठेवा. तुम्हाला हा माणूस भिंतीवर कशाला हवा, हा माझा प्रश्न वेगळाच.

सैनिकी पत्रांत कॉपी पेन्सिल फार वापरली जाई. कोरडी असताना करडी दिसते, पाण्याचा थेंब लागला की जांभळी होऊन पसरते. मी एकदा अशा पत्रावरची धूळ ओलसर बोटाने पुसली. बोटाच्या आकाराचा जांभळा ठसा त्या पत्रावर कायमचा आहे, आणि त्या पत्रासोबत ठेवलेल्या नोंदीच्या कार्डावर मी तोही लिहिला आहे: तारीख, माझं नाव, ‘मालकाचा निष्काळजीपणा’.

प्रत्येक कागदासाठी असं एक कार्ड ठेवा, मऊ पेन्सिलने लिहिलेलं. कोणाकडून, कधी, कितीला घेतला, काय तपासलं, काय जुळलं नाही. भाषांतर, दोन्ही बाजूंचे फोटो आणि पावती त्याच पाकिटात. तुमच्यामागे हे कोणाकडे जाणार तेही लिहून ठेवा, शक्यतो एखाद्या अभिलेखागाराचं किंवा संग्रहालयाचं नाव, आणि त्यांना आधी विचारून. माझ्या पेटीत पहिलं पाकीट त्या छापील सहीच्या कार्डाचं आहे. त्यावर मोजलेली किंमत आहे आणि पुढे एकच शब्द: ‘छापील’.